विलापाम्पाची शिरगणती

ओरुरो, २६ ऑगस्ट २००१

सेवेरो,

सहा वर्षांपूर्वी मीच तुला ओरडून सांगितलं होतं, मला पत्र लिहू नकोस. जन्मात तू माझं एवढं एकच ऐकलंस. म्हणून आता मी लिहिते आहे.

दोन्या फेलिपा पुढच्या आठवड्यात शालींचे गठ्ठे घेऊन साओ पावलोला निघाली आहे. रविवारी आपली माणसं तिथे बाजार भरवतात म्हणे, तिथे ती तुझी चौकशी करणार आहे. शिलाईच्या कारखान्यातला ओरुरोकडचा माणूस कोणाला तरी माहीत असणारच, असं ती म्हणते. तिच्या भरवशावर लिहिते आहे. पोचलं तर पोचलं.

काम असं आहे. पाच सप्टेंबरला देशभर शिरगणती आहे. काल ताता कासिमिरो स्वतः गावाहून माझ्या गाड्यावर आले. दोन पेले मक्याची गरम आपी प्यायले, एक तळलेलं पास्तेल खाल्लं, मिशीला लागलेली साखर पुसली आणि म्हणाले, "पोरी, चार तारखेला बाजाराच्या मागून तीन ट्रक सुटतील. विलापाम्पाचा जो कोणी ओरुरोत असेल त्याने त्यात बसायचं."

"आणि नाही बसला तर?"

"तर त्याची जमीन गावजमा."

मी म्हटलं, "ताता, मी इथे सतरा वर्षं राहते. इथेच मोजतील की मला."

"इथे मोजलं की तुझ्या डोक्याचा पैसा ओरुरोला. ओरुरोला डॉक्टर कमी आहेत का? सरकार हल्ली डोकी मोजून पैसा सोडतं. नगरपालिकेने शब्द दिला आहे, विलापाम्पाची दोनशे डोकी दाखवा, दवाखान्याची खोली आणि पगारी नर्स देतो."

"गावात आज किती आहेत?"

"एकसष्ट."

"मग दोनशे कुठून आणणार?"

"आत्ता आपी कुणाकडे पितोय मी?"

त्यांच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटली नाही. तुला माहीत नसेल, तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांची सून बाळंतपणात ट्रकच्या हौद्यातच गेली. दवाखाना चार तास लांब होता, ती दोन तासांत गेली. बाबा कामाला होते ती कथलाची खाण बंद पडली तेव्हापासून गाव नुसतं गळतंय, आणि ताता खाली हात धरून बसले आहेत.

आई बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी बरी आहे.

मी चारला जाऊन सहाला परत येईन. दोन दिवस गाडा बंद ठेवायला नको, शेजारचा सायकलवाला गुमेर्सिंदो बघणार आहे. भला माणूस आहे. बाकी काही नाही.

तुझं नाव आपल्या घरात घालू का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर वेळेत येणार नाही हे माहीत आहे.

बासिलिया

*

विलापाम्पा, ५ सप्टेंबर २००१

सेवेरो,

आज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी आहे. सगळ्या देशात. गाड्या बंद, बाजार बंद, कालपासून दारूही बंद. मोजणारी माणसं येऊन जाईपर्यंत आपापल्या घरात बसायचं. मी दारात बसले आहे. वारा इतका सुटलाय की कागदावर दगड ठेवून लिहावं लागतंय.

मागच्या खोलीचं छप्पर बसलं. कोंडवाड्याची भिंत तू बांधलेली, ती मात्र उभी आहे.

गावातल्या प्रत्येक घरातून आज धूर निघतोय. एवढे धूर मी लहानपणीही बघितले नव्हते. समोरच्या वारांकासांच्या दोन खोल्यांत चौदा जण कोंबले आहेत. त्यांचा थोरला सांता क्रूझहून आला आहे, पांढरे बूट घालून. सकाळपासून चारदा पुसले. गावाला गाव वाटावं म्हणून आम्हाला आणलं आहे, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या दारांकडे बघत बसलो आहोत. कुणाला कुठे जाता येत नाही.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. ओरुरोच्या शाळेत शिकवतात. पन्नाशीच्या, सरकारी टोपी, टाचेला फोड आलेला. मी पाणी दिलं. त्या ओट्यावर बसल्या आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवला.

"काल रात्री या घरात किती जण झोपले?"

"तीन."

"नावं?"

मी माझं सांगितलं. एउस्ताकिया, आमची आई, असं सांगितलं. आणि सेवेरो आयाविरी, धाकटा भाऊ.

"भाऊ कुठे आहेत?"

"लामांच्या कळपामागे गेलाय."

"अहो, आज बाहेर पडायला बंदी आहे."

"आम्हाला आहे. लामांना कुणी सांगितलं नाही."

त्या हसल्या. मग त्यांनी दारातून आत नजर टाकली. "माणसं तीन आणि अंथरूण एकच?"

"थंडी फार असते."

"तुम्ही कायम कुठे राहता?"

"इथेच," मी म्हटलं. ताता कासिमिरोंनी ट्रकमध्ये सगळ्यांकडून हे पाठ करून घेतलं होतं, शाळेत पाढे घेतात तसं. इथेच, इथेच, इथेच.

आई आत पडून होती. तिला बरं नाही, ऐकूही येत नाही, म्हणून तिची उत्तरं मीच दिली. वय सत्तर. लिहिता-वाचता येत नाही. भाषा आयमारा. मग बाईंनी विचारलं, "जिवंत जन्मलेली मुलं किती?"

"नऊ."

"त्यांपैकी आज हयात किती?"

सेवेरो, इथे माझी गाडी अडली. बाई पेन धरून थांबल्या. नऊपैकी सात त्या टेकडीवर आहेत, ती मोजायला सोपी. मी आहे, हे मला ठाऊक आहे. तुझी सहा वर्षांत खबर नाही.

"दोन," मी म्हटलं. दुसऱ्याबद्दल अंदाजाने सांगितलं.

त्यांनी लिहिलं, दाराला 'घर मोजले' अशी चिठ्ठी चिकटवली आणि फोडावर पाय न टेकता लंगडत वारांकासांकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या आजीच्या गावाला आज एका खोलीत सतरा जण झोपलेत म्हणे. सगळे लामांमागे गेले असतील."

उद्या सकाळी सातला ट्रक.

बासिलिया

*

विलापाम्पा, ९ सप्टेंबर २००१

सेवेरो,

वरचा पत्ता बघितलास ना? मी अजून इथेच आहे.

सहा तारखेला मी ट्रकमध्ये बसले होते. गाठोडं मांडीवर होतं. ताता कासिमिरोंनी मागच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू उतर, पोरी. शाळेसमोर बैठक आहे."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम असेल. शाळेसमोर सगळे गोल करून उभे होते. मधे दगडावर गावची काठी आणि चाबूक ठेवलेला. जुलैत आपला हिलाकाता एव्हारिस्तो गाव सोडून चिलीला पळाला, हे तेव्हा कळलं. गावाचा प्रमुखच पळाला, काय सांगायचं! दोन महिने काठी-चाबूक देवळात खुंटीला लटकत होते.

ताता म्हणाले, "आयाविरींच्या जमिनीने बाबा गेल्यापासून गावाची सेवा केलेली नाही. पाळी त्यांची आहे."

"मी इथे राहत नाही!"

"काल तर तू बाईंना सांगितलंस, इथेच राहते म्हणून. बाईंना घरं दाखवत मी ओट्याशेजारीच उभा होतो."

"तुम्हीच बोलायला लावलंत!"

"कागदावर आलंय आता."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं, एकट्या बाईला हिलाकाता करत नाहीत. रीत जोडीची आहे. नवरा-बायको, नाहीतर आई-मुलगा, नाहीतर भाऊ-बहीण.

"भाऊ आहे की," ताता म्हणाले. "तोही कागदावर आहे. लामांमागे गेलाय. येईपर्यंत दोघांचं तू बघ."

सगळं गाव हसलं, सेवेरो. मी पण हसले, काय करू? हसता हसता त्यांनी माझ्या गळ्यातून चाबूक घालून तिरपा बांधला. त्याचं कातडं थंडगार होतं. तोवर तिन्ही ट्रक भरून निघाले होते. गावातली कुत्री वळणापर्यंत त्यांच्या मागे धावली आणि परत आली. धूर निघणारी घरं मी संध्याकाळी मोजली. एकोणीस.

एक वर्ष. वर्षभर गावाबाहेर रात्र काढायची नाही. चारचौघांत चाबूक उतरवायचा नाही. मेंढरू दुसऱ्याच्या किनव्याच्या पिकात शिरलं की मला बोलावणार, नवऱ्याने बायकोला मारलं की मला, पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली की मला. निघून गेले तर जमीन गेली. आणि जमीन तुझ्या नावावर आहे, माझ्या नाही. बाबांनी मुलीला कधी दिली होती? तुझ्या जमिनीपायी मी इथे बांधली गेले आहे.

बाजारातली जागा नव्वद दिवस रिकामी राहिली की दुसऱ्याला देतात. गुमेर्सिंदो एकटा किती दिवस आपी ढवळणार? त्याला दूध उतू गेलेलं कळत नाही.

तू ये. मला बाकी काही नको. तुझा हिस्सा तू उचल. आई पण वाट बघते आहे.

फेलिपाने निघणं पुढे ढकललंय, म्हणून तिन्ही पत्रं एकदमच मिळतील.

बासिलिया

*

विलापाम्पा, २ नोव्हेंबर २००१

सेवेरो,

आई गेली.

हे पहिल्या पत्रात लिहायचं होतं. आई वाट बघते असं लिहिलं तर तू येशील, असं मला वाटलं. म्हणून मी तिला तीन पत्रं जिवंत ठेवली.

फेब्रुवारीत गेली. कार्निवलच्या रविवारी. त्या दिवसांत ओरुरोत एवढी माणसं येतात की माझं वर्षाचं अर्धं पोट त्या चार दिवसांवर भरतं, हे तुला माहीत आहे. त्याच्या आधीच्या बुधवारी शेजारच्या सातुर्निनाने निरोप पाठवला होता, म्हातारीचा खोकला बरा नाही, येऊन जा. मी म्हटलं, कार्निवल उरकला की येते. गुरुवारी पोचले. तिला मंगळवारीच पुरलं होतं. सगळे ट्रक कार्निवलला गेलेले, मला आणायला गाडी नव्हती. चुलीपाशी बसल्या बसल्या गेली म्हणे. हातात बटाटा होता, अर्धा सोललेला.

तू पळून गेलास म्हणून मी सहा वर्षं गावभर तुला शिव्या दिल्या. आईजवळ कोण राहणार यावरून आपण भांडलो. तू पुरुष, जमीन तुझी, तू राहा, असं मी म्हटलं होतं. तू गेलास. पण मी तरी कुठे राहिले होते? मी तर तुझ्याआधीच गेले होते, फक्त जवळ.

शिरगणतीच्या दिवशी आत कोणी पडलेलं नव्हतं. तिचं नाव घाल, असं ताता म्हणाले. गावात वर्षभरात पाच जण गेले होते, पाचही मोजले. मी म्हटलं, एवढ्यासाठी आई उपयोगी पडली तर पडू दे. पण 'जिवंत जन्मलेली मुलं किती' हे मेलेल्या बाईच्या वतीने सांगताना मी बाईंच्या टाचेकडे बघत होते.

काल आणि आज मृतांचा सण. पहिलंच वर्ष, मेज मांडायलाच हवं. ताता आले आणि म्हणाले, "दार लावून मांड. तपासणीला साहेब येणार आहे म्हणतात. कागदावर तुझी आई आहे अजून."

म्हणून मी मागच्या, छप्पर बसलेल्या खोलीत मांडलं. पावाच्या बाहुल्या, पावाची शिडी, ऊस, सुकवलेलं मांस, वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो, तिला आवडायचं तसं भरपूर मिरचीचं. पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता आत्मे येतात तेव्हा दार उघडं ठेवायचं असतं. माझं बंद. ती बाहेरच उभी असेल असं सारखं वाटत होतं. शेवटी मी उठून कडी काढली, बोटभर फट ठेवली.

आज सकाळी त्या फटीतून सातुर्निना आली. कोकाची पानं आणली होती. तिच्यामागून एक एक करत सगळ्या म्हाताऱ्या, कोंडवाड्याच्या बाजूने, वाकून, चोरासारख्या. प्रत्येकीने प्रार्थना म्हटली, पाव शालीत घेतला, गेल्या. शेवटी ताता कासिमिरो आले. टोपी काढली. त्यांनी प्रार्थना अर्धी म्हटली आणि पुढे त्यांना आठवेना. मी पुढचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सेवेरोला कळवलंस?"

"आज कळवते."

बाराला आत्मे परत जातात. गेली असेल.

तुला राग येईल. येऊ दे.

बासिलिया

*

विलापाम्पा, २० जानेवारी २००२

सेवेरो,

फेलिपा परवा आली. शाली विकून आली आणि तुझी चिठ्ठी घेऊन आली. कापडाचा आकार काढायचा खाकी कागद, त्यावर तुझं अक्षर. शाळेत असताना तुझा 'र' असाच पडल्यासारखा असायचा.

तू तीन ओळी लिहिल्या आहेस. माझं ओळखपत्र मालकाकडे आहे. दाराला बाहेरून कुलूप असतं. आई कशी आहे.

ही चिठ्ठी तू माझं नोव्हेंबरचं पत्र मिळण्याआधी लिहिलीस. ते पत्र फेलिपा निघून गेल्यावर तिच्या घरी पोचलं होतं, तिने मला परत दाखवलं. यावेळी हे आणि ते बरोबरच पाठवते. आधी ते वाच. मग हे. त्याला माझा इलाज नाही.

बाकीचं फेलिपाने तोंडी सांगितलं. तुमच्या गल्लीत पाव विकणारी बाई आहे, ती खिडकीच्या गजांतून पाव देते, तिच्याच हाती माझी पत्रं आत गेली. आत अकरा माणसं. मशीनच्या शेजारीच झोपायचं. मालक आपल्याच डोंगरातला, आयमारा बोलणारा. येतानाचं भाडं फिटेपर्यंत म्हणून त्याने ओळखपत्र ठेवून घेतलं आणि ते भाडं सहा वर्षांत फिटलंच नाही. हे सगळं खरं का रे?

मी तुला लिहीत होते, ये, तुझा हिस्सा उचल. तू गजांआड बसून वाचत होतास.

मी काय काय कल्पना केल्या होत्या सांगू? तुला बायको केली होती. कोपऱ्यावरचं घर दिलं होतं. तुझं पोट सुटलेलं बघितलं होतं. तुझ्यावर रागवायला मला ते सगळं लागायचं.

इकडे डिसेंबरात माझी बाजारातली जागा गेली. गुमेर्सिंदो ट्रकने आला, माझी पातेली पोत्यात भरून घेऊन. मला चाबूक घातलेली बघून तो हसला आणि मग हसायचा थांबला. "चल," म्हणाला. "मी काही वर्षानुवर्षं विचारत बसणार नाही." त्याने मला दोनदा विचारलं होतं, तुला सांगितलं नाही. मी म्हटलं सप्टेंबरपर्यंत थांब. तो पातेली उतरवून त्याच ट्रकने गेला.

काल मी पहाटेच्या ट्रकने नगरपालिकेच्या गावी जाऊन दुपारी परत आले. तुझा जन्माचा दाखला काढला. तिथल्या कारकुनाने सांगितलं, परदेशात कागद हरवलेल्या माणसाला आपली वकिलात परत यायचा परवाना देते. जन्मदाखला हवा आणि गावच्या प्रमुखाचं शिक्क्याचं पत्र हवं, हा माणूस आमचा आहे, अमुक सालापासून गावात नाही.

गावची प्रमुख कोण आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. चाबूक बघून कळलंच असेल.

बासिलिया

*

विलापाम्पा, ३ फेब्रुवारी २००२

सेवेरो,

सोबत दोन कागद आहेत. घडी पाण्यात भिजू देऊ नकोस.

शिक्का ताता कासिमिरोंच्या पेटीत असतो. मी मागायला गेले तेव्हा ते चुन्यो निवडत होते. मी पत्र वाचून दाखवलं. 'सेवेरो आयाविरी हा विलापाम्पाचा. जून १९९५पासून तो गावात राहत नाही.'

ते निवडतच राहिले. "सप्टेंबरात तो इथे झोपला होता," म्हणाले.

"ताता, तो साओ पावलोत कुलपाआड झोपतो."

"असेल. पण हा कागद कुठे जाईल? वकिलातीत. वकिलात कुणाची? सरकारची. शिरगणती कुणाची? सरकारची. उद्या दोन कागद एका टेबलावर आले तर? एक खोटा म्हणजे सगळेच खोटे. नर्सचा हुकूम पुढच्या महिन्यात निघायचा आहे, पोरी."

"निघेल."

"आणि नाही निघाला तर? तू त्या ट्रकमध्ये नव्हतीस. मी होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

त्यांचं काही खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बैठकीत एकसष्टांतले बहुतेक त्यांच्याच बाजूने बोलतील, हेही मला माहीत होतं. म्हणून मी बैठक बोलावली नाही.

मी म्हटलं, "ताता, शिक्का प्रमुखाचा असतो. पेटी उघडा."

"गावाला विचारल्याशिवाय?"

"मला इथे बसवताना मला विचारलं होतंत?"

ते उठले. पेटी उघडली, शिक्का माझ्या हातात न देता उशीवर ठेवला आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी शिक्का मारला. शाई वाळलेली होती, थुंकी लावून मारला. म्हणून कडा फिकट आहे, कोणी विचारलं तर सांग.

फेलिपा उद्या निघते. ती आधी हे कागद दाखवून वकिलातीतून परवाना काढेल, मग रविवारी आणखी दोघी बायकांना घेऊन तुमच्या दारावर येईल. तयार राहा. मशीनवरचं काही उचलू नकोस, त्याला बोलायला जागा देऊ नकोस.

बासिलिया

*

विलापाम्पा, २८ एप्रिल २००२

सेवेरो,

तुझं सांता क्रूझहून आलेलं पत्र मी तीनदा वाचलं, सातुर्निनाला एकदा वाचून दाखवलं. फेलिपा आणि त्या दोघी दारावर कशा लाथा मारत होत्या, सगळी गल्ली कशी जमली, वकिलातीचा कागद फेलिपाने कसा मालकाच्या नाकापुढे नाचवला, आणि शेवटी त्याने 'घेऊन जा तुमचा रेडा' म्हणत कुलूप कसं काढलं, ते ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. रस्त्यावर आल्यावर तुला चालता येईना, अकरा पावलांवर भिंत यायची सवय झालेली, हे मी तिला वाचून दाखवलं नाही.

तू आता शिलाईच्या दुकानात आहेस, दार उघडं असतं, संध्याकाळी चौकात जाऊन बसतोस. एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि किनव्याच्या शेतात जाऊन जरा उभी राहिले.

नर्स आली. मार्चच्या शेवटी. कोचाबाम्बाची आहे, उंचीमुळे पहिले चार दिवस नुसती ओकत होती. आता बरी आहे. कोणीही दोन कागद एका टेबलावर ठेवले नाहीत.

तरी बैठक झालीच. नर्स आली, नाही आली, त्याचा प्रश्न नव्हता. मी गावाला न विचारता गावाचा शिक्का मारला होता. ताता कासिमिरोंनीच विषय काढला, त्यांना काढावाच लागला. "एक तर जमीन सोड आणि आज जा," म्हणाले, "नाहीतर आणखी एक वर्ष कर."

ट्रक तिथेच उभा होता, सेवेरो. ड्रायव्हर बॉनेटवर बसून संत्रं सोलत होता. मी गेले असते तर कोणी अडवलं नसतं. पण तू नुकताच बाहेर आला होतास, तुझ्याकडे काहीही नव्हतं, आणि जगात तुझ्या नावाची एवढी एकच वस्तू आहे. "वर्ष करते," मी म्हटलं. तातांनी माझ्याकडे बघितलं नाही. बैठक संपल्यावर ते घरी एक शेळीचं चीज ठेवून गेले, मी नसताना.

म्हणजे पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. गुमेर्सिंदोच्या दुकानाशेजारी आता दुसरीच कोणीतरी पास्तेल तळते आणि तो तिथेच खातो, असं फेलिपा म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

आता तुझ्या शेवटच्या पानाबद्दल. तू लिहिलं आहेस, बटाटे काढायच्या वेळी येतो, तुझ्या खांद्यावरचा चाबूक माझ्या खांद्यावर घेतो, तू ओरुरोला जा. आईच्या थडग्याशीही जायचं आहे.

येऊ नकोस.

मी काही मोठेपणा करत नाही. तू ट्रकमधून पाय खाली ठेवलास की गाव तुला सोडणार नाही. त्यांना तरुण माणूस हवाच आहे. आणि मला माझाही भरवसा नाही. सकाळी उठून मी आधी रस्त्याकडे बघते, रोज. तू समोर दिसलास तर मी हा चाबूक माझ्या हाताने तुझ्या गळ्यात घालीन, त्याच ट्रकमध्ये चढेन आणि वळणावर मागे वळूनही बघणार नाही. तुला कुलपातून काढून मीच पुन्हा कोंडेन. मी तसं करू शकते, हे मला आता नीट माहीत आहे.

म्हणून सप्टेंबर २००३पर्यंत इकडे फिरकू नकोस. आईच्या थडग्यावरचं गवत मी काढते.

पत्रं मात्र लिही. आधीचं माझं बोलणं मागे घेतलं.

तुझी बहीण,
बासिलिया